घरचा शिक्का

"मुदत संपते म्हणजे काय? माझे पाय म्हणजे काय खोकल्याचं औषध आहे?"

जयदीप बेडगे फोन हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. उभा होता, हे मुद्दाम सांगायला हवं. कुपवाड रस्त्यावर एका ट्रेलरनं त्याची मोटारसायकल उडवली, त्यानंतर दोन वर्षं तो उभा राहिलाच नव्हता. मग हे यंत्र आलं. कंबरेपासून घोट्यापर्यंत कार्बनच्या पट्ट्यांचा हलका सांगाडा, खुब्यांत आणि गुडघ्यांत मोटरी आणि पाठीला चिकटून बसणारा एक पट्टा. मेंदूनं पाठवलेला 'चल' हा हुकूम मोडलेल्या मणक्यापाशी येऊन अडायचा. पट्टा तो तिथंच ऐकायचा आणि मोटरींना कळवायचा. मिरजेच्या शाळेत खो-खो शिकवणारे बेडगे सर पुन्हा मैदानावर दिसू लागले. सांगाड्याला ते 'गडी' म्हणायचे. सकाळी बटण दाबायचं, गडी जागा व्हायचा, आणि दोघं मिळून शाळेत जायचे.

त्याच्या बायकोनं, शलाकानं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि फोन घेतला. निरोप गडी बनवणाऱ्या कंपनीचा होता. आपल्या मॉडेलची सेवा मार्चअखेर थांबवण्यात येत आहे, त्यानंतर उपकरण सुरू होणार नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

"बिघडणार आहे का गडी?" जयदीपनं विचारलं.

"नाही. चांगला धडधाकट राहील. फक्त जागा होणार नाही."

शलाका पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी कंट्रोलर बनवणाऱ्या एका फर्ममध्ये प्रोग्राम लिहायची. त्यामुळे या निरोपाचा अर्थ तिला पहिल्या ओळीतच कळला होता. जयदीपला तो समजावून सांगायला मात्र तिला खुर्ची ओढून बसावं लागलं.

कुठलाही संगणक, मग तो टेबलावरचा असो की माणसाच्या कंबरेला बांधलेला, बंद असताना सगळं विसरलेला असतो. बटण दाबलं की त्यातला एक अगदी छोटा प्रोग्राम आधी डोळे उघडतो. त्याला काम एकच. साठवणीतून कर्नल शोधून आणायचा आणि सगळा कारभार त्याच्या हाती द्यायचा. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मोटरी, सेन्सर, बॅटरी, सगळं त्याच्या हुकमात. या जागं होण्याला बूट होणं म्हणतात. पण आणलेला कर्नल खरा आहे की कुणा भामट्यानं घुसवलेला, हे कसं ओळखायचं? त्यासाठी त्यावर कंपनीचा शिक्का असतो. आकड्यांचा, नक्कल न करता येणारा. त्या शिक्क्याला मुदत असते, आणि ती सरत आली की कंपनी नवा पाठवते. शिक्का शिळा असेल तर तो छोटा प्रोग्राम पुढं जातच नाही. जुन्या कंपनीला एका मोठ्या कंपनीनं गिळलं होतं, आणि नव्या मालकाला जुन्या मॉडेलसाठी शिक्के पाठवत बसण्यात रस नव्हता.

"म्हणजे पाय माझे आणि कुलूप त्यांचं," जयदीप म्हणाला.

"हो."

"तुला उघडता येईल?"

"तुझ्यापुरतं येईल. एका दुपारचं काम आहे. पण मग ते छेडछाड केलेलं यंत्र ठरेल. ते घालून शाळेच्या फाटकातही जाता यायचं नाही. आणि तुझ्यासारखी हजारो माणसं आहेत, जयदीप. त्यांच्या घरी कुठं कोण बसलंय प्रोग्राम लिहायला?"

तिच्या डोक्यात तेव्हाच दुसरा रस्ता होता.

गड्याच्या आत चालणारा कर्नल कंपनीचा नव्हताच. तो, आणि त्याच्यासोबतच येणारा तो छोटा प्रोग्रामही, कुणाच्याच मालकीचा नव्हता. जगभरातली हजारो माणसं तो मिळून लिहीत. सिग्नलच्या दिव्यांपासून श्वासयंत्रांपर्यंत तोच चाले. त्याच्या प्रत्येक विभागाला एक राखणदार असे, आणि राखणदारानं 'घेतलं' म्हटल्याशिवाय त्यात एक ओळही शिरत नसे. शरीराला जोडलेल्या यंत्रांसाठी सरकारचा नियम कडक होता. कर्नल जसाच्या तसा वापरायचा, कंपनीनं त्यात हात घालायचा नाही. त्यात मुळातच ठेवलेले स्विच चालू-बंद करायचे, एवढीच मुभा. आणि सेवा थांबवण्यापूर्वी शेवटचा अपडेट सगळ्यात ताज्या कर्नलचाच द्यायचा.

म्हणजे फेब्रुवारीत येणाऱ्या आवृत्तीत मालकाला स्वतःचा शिक्का मारू देणारी सोय घुसवता आली, तर ती कंपनीलाच आपल्या हातानं घरोघर पोचवावी लागणार होती.

"त्यांच्याच हातून त्यांच्या कुलपाची दुसरी किल्ली," शलाका म्हणाली. निरोप आल्यापासून जयदीप पहिल्यांदाच हसला.

तिनं दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली. सोय सरळ होती. प्रत्येक यंत्राच्या मालकाकडे एक किल्ली, आणि कंपनीचा शिक्का शिळा झाला की त्या किल्लीनं घरचा शिक्का मारता यावा. कोड तिनं कर्नलच्या सार्वजनिक चर्चेत टाकला आणि वाट बघत बसली.

बूट विभागाची राखणदार होती एलिन हॉव्हरसन. नॉर्वेच्या उत्तर टोकाला राहणारी, साठी ओलांडलेली बाई. तिचं उत्तर आलं ते सगळ्या जगाला वाचता येईल असं.

"कोड स्वच्छ आहे. कल्पना धोक्याची आहे. किल्ली एकच असेल, तर ती ज्याच्या खिशात, त्याच्या खिशात त्या माणसाचे पाय. चोर. दवाखान्यातला कारकून. रागावलेली बायको. नाकारलं."

"रागावलेली बायको!" शलाका लॅपटॉपसमोर ताडकन उठली. उभ्या उभ्याच तिनं उत्तर टाइप केलं. "आज ती किल्ली कंपनीच्या खिशात आहे. आणि कंपनी रागावलेलीसुद्धा नाही. तिला फक्त कंटाळा आलाय."

"ते खरं आहे," एलिननं लिहिलं. "पण त्यानं तुमची चूक दुरुस्त होत नाही."

शलाकानं दुसरा मसुदा पाठवला, किल्लीला पासवर्ड जोडून. एलिननं तोही परत केला. पासवर्ड माणूस विसरतो, किंवा त्याच्याकडून वदवून घेता येतो, असं तिचं म्हणणं. चर्चेत आणखी एक आवाज नियमानं उमटायचा, निनाद परुळेकर नावाच्या कंपनीच्या इंजिनिअरचा. तो कधीच विरोध करत नसे. सुरक्षेचा मुद्दा गंभीर आहे, घाई नको, पुढच्या आवृत्तीत बघू, असं अगदी गोड शब्दांत लिहायचा. पुढची आवृत्ती पावसाळ्यात येणार होती. तोवर सगळे गडी भिंतीला टेकून ठेवलेले असणार होते.

जानेवारीतल्या एका दुपारी परुळेकरचा फोन आला.

"मॅडम, तुमचं काम मी वाचतोय. खरंच उत्तम आहे," तो म्हणाला. "आम्ही असा विचार केलाय, की बेडगे सरांच्या यंत्राला आम्ही कायमचा शिक्का देऊ. आयुष्यभराचा. तुमच्या घरचा प्रश्न मिटला."

"आणि त्याबदल्यात?"

"काही नाही. तुम्ही तो प्रस्ताव मागे घ्यायचा. वेळ मिळत नाही म्हणायचं."

"परुळेकर, उत्तर नाही असं आहे," शलाका म्हणाली. "तुमच्या वरच्यांना कळवा. आणि हे त्यांना सांगताना गोड शब्द वापरू नका." तिनं फोन ठेवला तेव्हा मनातून ती खूश होती. जयदीप शाळेतून आल्या आल्या तिनं त्याला सगळं सांगितलं. तिची अपेक्षा होती की तो टाळी देईल.

जयदीप सोफ्याच्या हातावर टेकून उभा राहिला. "तू काय सांगितलंस त्याला?"

"नाही म्हणाले."

"केव्हा?"

"केव्हा म्हणजे? तेव्हाच."

"मला न विचारता?"

"अरे, त्यात विचारण्यासारखं काय होतं? तू हो म्हणाला असतास?"

"माहीत नाही!" तो असा ओरडला की शेजारच्या गॅलरीतलं बोलणं थांबलं. "मला माहीत नाही मी काय म्हटलं असतं. दोन वर्षं मी त्या खाटेवर काढलीत, शलाका. तू शेजारी होतीस, खाटेवर नव्हतीस. कदाचित मी हो म्हटलं असतं. लाज वाटून घेत घेत म्हटलं असतं. पण ते मी म्हणायचं होतं ना? कुणाचे पाय आहेत हे?"

तो त्याच पावली बाहेर पडला आणि शाळेपासूनच्या दोस्ताच्या, बशीरच्या, सतारीच्या कारखान्यात जाऊन बसला.

पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलले. शलाकाला राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी एलिनचं ते वाक्य जाऊन बसलं होतं. खिशात किल्ली नसतानासुद्धा तिनं जयदीपच्या पायांचा निर्णय करून टाकला होता. प्रेमानं, तत्त्वानं, ताठ मानेनं, पण करून टाकला होता. किल्ली असती तर काय केलं असतं? बाई बरोबर बोलत होती. किल्ली एका खिशात असताच कामा नये, मग तो खिसा कुणाचाही असो.

मग तिला शाळेतली भूमिती आठवली. कागदावर एक बिंदू काढला तर त्यातून कितीही रेषा जातात. दोन बिंदू दिले की रेषा एकच. समजा गुपित म्हणजे ती रेषा कागदाच्या काठाला जिथं कापते ती जागा. त्या रेषेवरचे तीन बिंदू तीन माणसांना वाटून टाकायचे. एकट्याच्या बिंदूवरून कुणालाही काहीच कळणार नाही, अगदी थोडंसुद्धा नाही. पण तिघांपैकी कोणतेही दोघं जवळ आले, की रेषा काढता येते, गुपित उलगडतं आणि घरचा शिक्का तयार होतो. प्रत्येक बिंदू एका छोट्या चकतीत साठवायचा. एक बिंदू यंत्र घालणाऱ्याकडे. बाकीचे दोन त्यानं निवडलेल्या माणसांकडे. म्हणजे त्याच्यासोबत कुणीतरी एक हवाच, आणि तो बेशुद्ध पडला तर बाकीचे दोघं मिळून करतील. दोघं एकत्र यायचे ते नवा शिक्का मारायचा असेल तेव्हाच. रोज सकाळी उठायला कुणाची गरज नाही. युक्ती जुनीच होती, गणितात तिला कैक वर्षं झाली होती. शरीराला बांधलेल्या यंत्राच्या दाराशी ती कुणी आणून ठेवली नव्हती.

तिनं ती आधी जयदीपला सांगितली. त्याला काय वाटतं ते विचारलं आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला जड गेलं.

जयदीपनं कागदावरच्या रेषेकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे कुणीतरी खो दिल्याशिवाय उठायचं नाही," तो म्हणाला. मग त्यानं तिच्याच फोनवरून परुळेकरला फोन लावला.

"मी जयदीप बेडगे बोलतोय. ज्याच्या पायांची बोली तुम्ही त्याच्या बायकोशी केलीत, तो." पलीकडून काहीतरी मऊ आवाज आला. "नाही, माझं ऐका. तुमचा आयुष्यभराचा शिक्का मला नको. हे मी म्हणतोय, माझ्या तोंडानं. आणि का नको तेही ऐका. उद्या मी तुमच्याबद्दल काही वाईट बोललो, की ते आयुष्य किती लांबीचं असेल ते तुम्ही ठरवणार. ठेवतो."

शलाकानं त्याचा हात धरायला हात पुढं केला, तेव्हा तो म्हणाला, "थांब. आणखी एक. बाकीच्या दोन चकत्या मी ताईला आणि बशीरला देणार आहे."

शलाकाचा हात तिथंच राहिला. "मला नाही?"

"तुला नाही."

"मी लिहितेय ती सोय!"

"म्हणूनच. तुझ्याकडे डोकं आहे, कोड आहे, हे घर आहे. त्यात आणखी माझे पाय नकोत." तो हे शांतपणे बोलला. "चिडून नाही सांगत. विचार करून सांगतोय."

तिला रडू आलं नाही, पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कामाला बसली आणि ज्या सोयीत तिला स्वतःला जागा नव्हती ती सोय तिनं मन लावून लिहून काढली.

मसुदा वाचून एलिननं पहिल्यांदा प्रश्न विचारले. मग म्हणाली, खऱ्या माणसावर दाखवा, सगळ्यांसमोर, आणि तुमच्या घरी नको. तुमची अवजारं तुमच्या हाताशी नसावीत.

म्हणून एका रविवारी सकाळी सगळे बशीर सतारमेकरच्या कारखान्यात जमले. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात लाखेचा वास, आणि मधोमध स्टुलावर ठेवलेला लॅपटॉप. पडद्यावर एलिन, आणखी काही परीक्षक आणि एका चौकोनात परुळेकर. जयदीपची थोरली बहीण सुनंदाताई आरगेहून सकाळच्या एसटीनं आली होती. तिच्या मुठीत शर्टाच्या बटणाएवढी चकती होती.

चाचणीपुरता नवा कोड चढवलेल्या गड्याचं घड्याळ शलाकानं एप्रिलात नेऊन ठेवलं. कंपनीचा शिक्का शिळा झाला. जयदीप खुर्चीत बसलेला होता आणि त्याचे पाय आता नुसते पाय होते.

"आधी चोरी करून दाखवा," एलिन पडद्यावरून म्हणाली. "एक चकती चोरली असं समजा. तुम्हाला हे यंत्र आतून बाहेरून माहीत आहे. मनापासून प्रयत्न करा. खोटा प्रयत्न केलात तर मला कळेल."

शलाकानं ताईची चकती घेतली आणि मनापासून प्रयत्न केला. घड्याळ मागं नेलं, बॅटरी तोडून जोडली, जुना कर्नल घुसवून पाहिला, पट्ट्याला खोटे इशारे दिले. गडी दगडासारखा पडून राहिला. तिच्या कपाळावर घाम आला. तिनं लिहिलेलं दार तिलाच उघडेना.

"काय गं," सुनंदाताई म्हणाली, "नवऱ्याचे पाय चोरता येईनात होय तुला?"

बशीर मोठ्यानं हसला. जयदीपही हसला, आणि शलाकाच्या लक्षात आलं, की आपल्याला न येण्यानं त्याला मनापासून बरं वाटतंय. का कोण जाणे, तिलाही वाटलं.

मग चकती ताईकडे परत गेली. "वहिनी, मी कुठं लावायची ही?" बशीरनं हात पुसत विचारलं. जयदीपची स्वतःची चकती मुद्दाम दूर ठेवली होती, जणू तो बेशुद्ध आहे. ताई आणि बशीर दोन बाजूंनी वाकले आणि पाठीच्या पट्ट्याला एकदमच चकत्या टेकवल्या. क्षणभर काही झालं नाही. मग खुब्यांतल्या मोटरी हलकेच गुरगुरल्या, आणि जयदीप उठून उभा राहिला, थेट भोपळ्यात डोकं आपटून.

पडद्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. परुळेकरनंही वाजवल्या. "फारच प्रभावी," तो म्हणाला. "आमचा विरोध नाहीच. आणि लेखिकेनं समजूतदारपणे याला स्विच ठेवलाय. उत्पादकांना ती सोय बंद ठेवता येते. योग्य वेळ येईल तेव्हा आम्ही चालू करू."

स्विच शलाकानंच ठेवला होता. तो असला तर वाद कमी होईल, असा तिचा हिशेब होता. आता तो हिशेब परुळेकर तिच्याच तोंडावर वाचून दाखवत होता.

"हा स्विच कशासाठी?" एलिननं विचारलं.

शलाकाला पटकन एखादं तांत्रिक कारण देता आलं असतं. तिनं ते दिलं नाही. "तुम्हाला घाबरून ठेवला. वाटलं, स्विच नसेल तर तुम्ही घेणार नाही."

एलिन म्हणाली, "मी तुमचे दोन मसुदे परत केले, कारण ते अर्धवट होते. हाही अर्धवट आहे. बांधणाऱ्याला वाटेल तेव्हा विटा लावून बुजवता येत असेल, तर त्याला दार म्हणत नाहीत. स्विच काढा, पुन्हा पाठवा. मी घेईन."

"मग आमच्या कंपनीला दुसऱ्या कर्नलचा विचार करावा लागेल," परुळेकर म्हणाला. त्याच्या आवाजातली साखर पहिल्यांदा संपली होती.

"जरूर करा," एलिन म्हणाली. "बसून नवा लिहा. आम्हा सगळ्यांना मिळून तीसहून जास्त वर्षं लागली. काही अडलं तर विचारा."

शलाकानं तिथंच, लाकडाच्या भुश्शात मांडी घालून, स्विचच्या ओळी पुसल्या. ताई आणि बशीर चहा पीत बसले होते. एलिनचं उत्तर संध्याकाळी आलं. त्यात एकच शब्द होता: घेतलं.

कंपनीनं शेवटचा अपडेट मार्चच्या अगदी शेवटच्या आठवड्यात, नाइलाजानं सोडला. आणि मग देशभर घराघरांत अशा गोष्टी घडल्या, ज्यांचा कोडमध्ये कुठंच विचार नव्हता. चकती कुणाला द्यायची? नागपूरच्या एका गृहस्थानं दोन भावांपैकी एकालाच दिली, आणि दुसऱ्यानं बोलणं टाकलं. लातूरच्या एका आजीबाईंनी तिन्ही मुलगे सोडून शेजारणीला दिली आणि कारण सांगायला साफ नकार दिला. कोल्हापुरात एका जोडप्याचं भांडण वकिलापर्यंत गेलं. काही जणांकडे द्यायला दोन माणसंच नव्हती. त्यांच्यासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी आपसांतच एक मंडळ काढलं, एकमेकांच्या चकत्या सांभाळायला. शलाकाला रोज पत्रं येत. काही आशीर्वाद देणारी, काही शिव्या. ती सगळ्यांना उत्तर द्यायची, आणि तुमच्या यजमानांची चकती तुमच्याकडेच असेल ना, असं कुणी विचारलं, की 'नाही' एवढंच लिहायची. ते लिहिताना दर वेळी थोडं दुखायचं. तिनं दुखू दिलं.

एप्रिलच्या मध्यावर उकाड्यानं मिरज नुसती भाजत होती. घरी कूलर कुठल्या खिडकीत लावायचा यावरून दोघांचं वाजलं. कूलरवरून गोष्ट शलाकाच्या आईवर गेली, तिथून जयदीपच्या शाळेवर, आणि पुढं कशावर गेली ते दोघांनाही नंतर आठवलं नसतं. खाटेवरच्या त्या दोन वर्षांत त्यांची भांडणं फार लवकर मिटायची, कारण जयदीप भिंतीकडे तोंड फिरवण्यापलीकडे काही करू शकत नसे, आणि ते बघून शलाका माघार घ्यायची.

"तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही!" जयदीप म्हणाला. तो उठला, दार उघडून बाहेर पडला आणि ते त्यानं असं आपटलं की कॅलेंडर खिळ्यावरून खाली आलं.

"जा ना, जा!" शलाका त्याच्यामागं ओरडली. आणि मग कूलरची वायर हातात तशीच धरून, जिन्यावरून तावातावानं उतरत जाणारी ती पावलं, रस्त्याच्या गलबल्यात मिसळेपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.